विरळ

आधी गर्दी मोडावी लागते,
खासगीवाले सर पहिल्या दिवशी एवढंच म्हणाले
आणि खिडकीतून खाली बघत राहिले.
खाली जेल रोडवर
पंचमीच्या गेरसाठी टँकरमध्ये रंग कालवत होते कुणी.

एका थेंबात हजारो. सगळे एकाच देहातले,
एकाच आडनावाचे,
आणि दोघांचा चेहरा हुबेहूब जुळेल तर शपथ.
सगळ्यांना एकदम वाचलं
तर यंत्र सरासरी सांगतं,
मधलाच एक चेहरा, कुणाचाच नसलेला.
एकदम वाढवलं तर त्याहून वाईट:
याचं डोकं, त्याचं शेपूट
नळीतल्या गरमागरमीत चिकटतं
आणि देहात कधी नव्हताच असा कुणी
आपल्याकडे बघून हसतो.

म्हणून विरळ करायचं.
एकास तीन. पुन्हा एकास तीन. पुन्हा.
इतकं, की शहाण्णव खळग्यांच्या पाटीत
सत्तर खळगे कोरडेठाक निघावेत.
लुबना नवी होती तेव्हा रडकुंडीला आली,
मॅडम, सगळं फसलं, रिकामंच आहे.
नाही गं.
त्या सत्तरांच्या भरवशावर तर
उरलेल्या सव्वीसांवर विश्वास ठेवायचा.
जिथे उगवलं तिथे बहुतेक एकट्याचंच उगवलं,
ही साक्ष रिकामे देतात.

पूर्वी आम्ही हे जेलवर बघायचो.
(जेल रोडवरची जेलची लॅब, हा विनोद
इंदुरात वीस वर्षं चालला.)
दोन-दोन धागे तापवून सोडवायचे, मग हळूहळू गार,
जो ज्याच्या हाती लागेल त्याच्याशी त्याची वेणी.
सारखे असले तर सुळकन खाली.
विजोड असले तर मध्ये फुगवटा
आणि वाटेत अडखळणं.
किती मागे राहिले त्यावरून
किती वेगळे ते कळायचं.
माझ्या नणंदेच्या संसाराची आठवण येऊन
मी एकदा अंधाऱ्या खोलीत एकटीच हसले होते.

नमुना सत्तेचाळीस.
महूचा की देवास नाक्याचा, बाई की बुवा,
मला माहीत नाही, माहीत नसावं असाच नियम.
नेमीचंद बर्फाचा डबा ठेवत म्हणतो,
मॅडमजी, सैंतालीस आ गया,
जणू जावईच आला.

सहा वर्षांपूर्वी त्याचं झाड काढलं होतं मी:
सव्वीस फांद्या, आखूड, एकाच बिंदूतून फुटलेल्या,
उलटा धरलेला खराटा.
म्हणजे नुकतंच. म्हणजे दारातून आत
एकच आला होता.
औषध सुरू व्हायला दीड वर्ष लागलं,
तोवर झाड पसरलं, फांद्या लांबल्या,
प्रत्येकाने आपापलं सोंग बदललं.
आता रक्तद्रवात काही सापडत नाही.
म्हणून पेशी फोडून आत बघितलं.

आणि लांब फांद्यांच्या पसाऱ्यात
एक पान अगदी बुडाशी.
पहिल्या वर्षीचं. अक्षरन्‌अक्षर.

पहिला संशय स्वतःवर.
जुन्या नळीचा शिंतोडा उडाला असेल,
माझी बाही लागली असेल.
नवं पाणी, नवी टोकं, पलीकडची खोली,
माझ्याऐवजी लुबनाचा हात.

पुन्हा तेच पान.

बाकीचे वेष बदलत पळत होते
तेव्हा हा कुठल्याशा पेशीत पाय पोटाशी घेऊन
झोपून राहिला.
ना औषधाने त्याचं काही वाकडं केलं,
ना त्याने औषधाचं.

सर बराच वेळ कागद धरून उभे.
मग म्हणाले, याला सांगायचं काय?
खाली पहिल्या मजल्यावर तांबट बाई
रोज सगळ्यांना एकच वाक्य सांगतात,
बरं वाटतंय म्हणून गोळी चुकवायची नाही.
मी त्या वाक्याचं चित्र काढलंय, सर,
त्याहून जास्त काही नाही.

नोंदवहीत लिहिलं: दोनदा तपासले.
सही. तारीख.
पाटी पिवळ्या पिशवीत टाकण्याआधी
रिकामे खळगे सवयीने मोजले.
बाहत्तर.